डबा, डिस्क आणि गल्ला

“दादा, खरं सांगतो, ह्याच्यात काही सुटत नाही.”

साडीच्या दुकानात, भांड्यांच्या दुकानात, फर्निचरच्या दुकानात हे वाक्य आपण आयुष्यभर ऐकत आलो. ऐकायचं, मान हलवायची आणि घासाघीस चालू ठेवायची, ही आपली रीत. गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या शहरातल्या गारखेडा भागात, सूतगिरणी चौकापासून जवळच्या एका छोट्या दुकानात मी तेच केलं. भाच्याला प्लेस्टेशन ५ घ्यायचं होतं. दुकान मोबाइल, सीसीटीव्ही आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं. गेमचे डबे वरच्या फळीवर, तेही मोजून दोन. मी डबा खाली काढायला लावला आणि त्याच्या कडेची चिठ्ठी वाचली. बनवण्याचा देश चीन, आयातदार सोनी इंडिया, कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह ५४,९९० रुपये. हजार-दोन हजार तरी सोडा, असं मी म्हटलं. त्यावर दुकानदाराने वरचं वाक्य उच्चारलं आणि कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला.

त्याचा हिशोब खरा आहे का, हे तपासावं असं त्याच संध्याकाळी डोक्यात आलं. आपल्या गावात निम्म्या घरांतला कुणी ना कुणी वाळूज, चिकलठाणा नाहीतर शेंद्र्याच्या कारखान्यात आहे. कॉस्टिंग शीट आपल्याला नवी नाही. मोटारसायकलच्या सुट्या भागात पैशा-पैशाने किंमत कशी उतरवतात, हे गारखेड्यातल्या संध्याकाळच्या गप्पांतसुद्धा निघतं. मग खेळाच्या या डब्याचं कॉस्टिंग आपल्याला का कळू नये?

आधी दुकानदाराचा गल्ला बघू. ५४,९९० मध्ये १८ टक्के जीएसटी पोटातच आहे. तो बाजूला काढला की उरतात ४६,६०२ रुपये आणि सरकारचे होतात ८,३८८. आता समजा दुकानदाराला ४ टक्के मार्जिन मिळतं. हा आकडा मी हिशोबापुरता धरला आहे. माल किती उचलला, स्कीम कुठली, यावर तो खालीवर होतो. ४ टक्क्यांनी त्याचे झाले १,८६४ रुपये. गिऱ्हाइकाने क्रेडिट कार्ड पुढे केलं आणि त्याचा आकार २ टक्के धरला, तर ११०० रुपये बँकेकडे गेले. राहिले ७६४. डबा महिनाभर फळीवर बसला असेल तर त्यात करासकट ५२,७९० रुपये अडकले होते. शेकड्याला महिना एक रुपया व्याज धरलं की ५२८ गेले. हातात उरले २३६ रुपये. यातून दुकानाचं भाडं, वीजबिल, हाताखालच्या पोराचा पगार. आणि समोर मी उभा, हजार रुपये सोडा म्हणत.

त्या दिवशी मी आणखी काही बोललो नाही.

मग पैसा जातो कुठे? पहिला वाटेकरी बंदरावरच भेटतो. २०१८ च्या अर्थसंकल्पात व्हिडिओ गेम कन्सोलवरची मूळ आयात ड्यूटी १० टक्क्यांवरून २० टक्के झाली. ड्यूटीच्या रकमेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, तोही त्याच अर्थसंकल्पातला. म्हणजे बंदरावर १०० रुपयांचा माल उतरला की तो १२२ चा होतो. त्यावर १८ टक्के जीएसटी लावला की १४४. अजून वितरकाने ट्रक लावलेला नाही आणि दुकानदाराने शटरही उघडलेलं नाही. जीएसटी २०१७ मध्ये लागू झाला तेव्हा कन्सोल २८ टक्क्यांच्या रांगेत होता. डिसेंबर २०१८ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने तो १८ वर आणला आणि १ जानेवारी २०१९ पासून नवा दर सुरू झाला.

हे प्रकरण जुनं आहे. १९९५ मध्ये सेगा कंपनीने शॉ वॉलेसच्या मार्फत आपला मेगा ड्राइव्ह भारतात विकायला आणला, तेव्हा अशा मालावर ८० टक्के आयातकर होता आणि यंत्राची किंमत १८ हजारांच्या घरात गेली. त्या काळात आमच्या कॉलनीत एवढ्या पैशांत घरातला रंगीत टीव्ही यायचा. मेगा ड्राइव्ह आम्ही फक्त जाहिरातीत पाहिला.

आता कारखान्याकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. आपल्याकडचा साधा नियम असा की बनवायला ८० रुपये लागले तर वस्तू १०० ला विकायची. कन्सोलचा धंदा हा नियम सुरुवातीलाच मोडतो. २००६ च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ३ अमेरिकेत आलं. आयसप्लाय या संस्थेने ते यंत्र उघडून सुटा सुटा भाग मोजला. ६० जीबीच्या यंत्राचा भागांचा आणि जोडणीचा खर्च निघाला ८४० डॉलर. विक्रीची किंमत होती ५९९. म्हणजे दुकानदाराचं मार्जिन, जहाजाचं भाडं आणि जाहिरात धरण्याआधीच डब्यामागे २४१ डॉलरचा खड्डा. २००६-०७ या आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाने २३२ अब्ज येनचा तोटा दाखवला. तेच यंत्र एप्रिल २००७ मध्ये भारतात ३९,९९० रुपयांना आलं. त्या वेळच्या डॉलरच्या भावाने ५९९ डॉलरचे पंचवीस हजारांच्या आसपास होत होते. गारखेड्यातल्या माणसाला ४० हजारांचा डबा महाग वाटला, आणि टोकियोत तोच डबा कंपनीला खात होता.

पुढे सोनीने जे केलं ते वाळूजच्या माणसाला एका वाक्यात कळेल: कॉस्ट डाऊन. प्रेस शॉपमध्ये एकाच पत्र्यातून जास्त पीस निघावेत म्हणून मांडणी बदलतात, तसंच इथे सिलिकॉनच्या एकाच चकतीतून जास्त चिप काढतात. सर्किट तेच, पण दर काही वर्षांनी बारीक होत जाणारं. चिप लहान झाली की कमी तापते, तापली नाही की पंखा लहान लागतो, वीजपुरवठ्याचा भाग लहान होतो, डबा हलका होतो आणि जहाजाच्या एका कंटेनरात जास्त डबे बसतात. जुलै २००९ मध्ये सोनीच्या अर्थप्रमुखांनी सांगितलं की उत्पादनखर्च सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला आहे. त्या वर्षी आलेलं सडपातळ यंत्र २९९ डॉलरला विकलं गेलं. आयसप्लायने तेही उघडून मोजलं, तर ३३६ डॉलर. तीन वर्षं घासूनही खड्डा पुरता बुजला नव्हता.

प्लेस्टेशन ४ च्या वेळी सोनी शहाणी झाली. त्या यंत्राचा मोजलेला खर्च ३८१ डॉलर आणि किंमत ३९९. फरक १८ डॉलरचा, आणि त्यातच दुकानदाराला बसवायचं. प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये ४९९ डॉलरला आलं आणि डिस्कवाल्या यंत्रावर आता तोटा होत नाही, हे सोनीने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं. मायक्रोसॉफ्टची गोष्ट याहून उघड आहे. मे २०२१ मध्ये एपिक आणि ॲपल यांच्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी लॉरी राइट यांनी साक्ष दिली की एक्सबॉक्सच्या यंत्राच्या विक्रीवर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. पुढच्या वर्षी एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी एका यंत्रामागे शंभर ते दोनशे डॉलर कंपनी सोसते, असं जाहीरपणे सांगितलं.

एवढी मोठी कंपनी तोट्यात डबे का विकते? उत्तर आपल्या किराणा दुकानात आहे. जवाहर कॉलनी असो की पुंडलिकनगर, कुठल्याही जुन्या किराणावाल्याला विचारा. साखरेत आणि तेलात त्याला जवळपास काही राहत नाही. शेजारच्या दुकानापेक्षा साखर एक रुपयाने महाग लावली तर गिऱ्हाईक तुटतं. पण साखरेला आलेलं गिऱ्हाईक मसाला नेतं, साबण नेतं, पोरांसाठी बिस्किटं नेतं, आणि दुकान त्यावर चालतं. कन्सोल म्हणजे साखर. गेम, महिन्याचं ऑनलाइन सदस्यत्व आणि जादा कंट्रोलर म्हणजे मसाला.

हा मसाला कुणाच्या ताटात किती पडतो, याची एक वाटणी लॉस एंजेलिस टाइम्सने २०१० मध्ये छापली होती. ६० डॉलरच्या एका गेममधले २७ प्रकाशकाला, १५ दुकानदाराला, ७ कन्सोल बनवणाऱ्या कंपनीला, ७ परत आलेल्या मालापोटी आणि ४ छपाई-वाहतुकीला. प्रत्येक गेममागे ७ डॉलर मिळत असतील तर २४१ डॉलरचा खड्डा भरायला एका घराने ३४-३५ गेम घ्यायला हवेत. कुठलंही सामान्य घर तेवढे घेत नाही. म्हणून यंत्र वर्षानुवर्षं विकत राहायचं, खर्च उतरवत राहायचा आणि सदस्यत्वाचे पैसे दर महिन्याला येत राहतील असं बघायचं. ज्याच्याकडे तेवढा दम नसतो तो बाहेर पडतो. सेगाने जानेवारी २००१ मध्ये ड्रीमकास्ट बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि यंत्रं बनवणं कायमचं सोडलं.

दुकानदाराचंही तसंच. गेमस्टॉप ही अमेरिकेतली गेमच्या दुकानांची सर्वांत मोठी साखळी. तिच्या भरभराटीच्या काळातले वार्षिक अहवाल काढून पाहिले. नव्या यंत्रावर ढोबळ नफा ६-७ टक्के, नव्या गेमवर २० टक्क्यांच्या आसपास, आणि जुन्या, वापरलेल्या मालावर ४५ टक्क्यांहून जास्त. माझा दुकानदार खोटं बोलत नव्हता, हे मला इथे पटलं. जगातली सगळ्यात मोठी साखळी, घाऊक डबे उचलणारी, आणि तिलाही डब्यात एवढंच. मग चौकातल्या दोन डब्यांच्या दुकानाला काय मिळणार? तेच २० टक्के आपल्याकडे ४,९९९ रुपयांच्या गेमला लावून पाहा. जीएसटी काढून ४,२३६ उरतात, त्यात दुकानदाराचे ८४७. पंचावन्न हजारांच्या डब्यात कार्ड आणि व्याज जाऊन २३६, आणि पाच हजारांच्या डिस्कमध्ये ते धरण्याआधी ८४७.

आता मला तीस वर्षं मागे जावं लागेल, कारण आमच्या लहानपणी हे गणित बरोबर उलटं होतं.

आमच्या घरी व्हिडिओकॉनचा टीव्ही होता. तो पैठण रस्त्यावरच्या चितेगावला, गारखेड्यापासून वीसेक किलोमीटरवर बनायचा, याचा आम्हां मुलांना अभिमान वाटायचा. धूत कुटुंबाच्या त्या कारखान्याची बस सकाळी चौकात थांबायची. त्या टीव्हीला आम्ही जोडायचो तो ‘व्हिडिओ गेम’ मात्र कुठल्या गावचा, ते डब्यावर लिहिलेलं नसे. ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशी नावं. अँटेनाची वायर काढायची, गेमची वायर खुपसायची, चॅनेलचा खटका फिरवत बसायचं आणि मुंग्यांमधून चित्र आलं की घरभर आरडाओरडा. पिवळी कॅसेट लागली नाही तर काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची. तिच्यावर ९९९९ गेम असल्याचं छापलेलं असे आणि मोजायला बसलं की दहा-बारा वेगळे निघत.

एकदा आमचं यंत्र बंद पडलं आणि ते उघडलेलं मी पाहिलं. आत जवळपास काहीच नव्हतं. तळहाताएवढी तपकिरी पट्टी, तिच्या मध्यावर काळ्या डांबरासारखा एक थेंब, आजूबाजूला मोजके रेझिस्टर, कडेला टीव्हीच्या वायरसाठी पत्र्याची डबी. बाकी सगळं पोकळ प्लास्टिक. दुरुस्तीवाल्याने पट्टीवरची तुटलेली एक वायर झाळली आणि यंत्र चालू झालं. त्या काळ्या थेंबाखाली निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची अख्खी नक्कल एका चिपवर बसवलेली होती, हे मला फार पुढे समजलं. आराखडा बनवणाऱ्याला दमडी नाही, गेम लिहिणाऱ्याला दमडी नाही. साहजिकच कारखान्याला, ठोकवाल्याला आणि दुकानदाराला जे मिळायचं ते डब्यातच मिळायचं. म्हणून तेव्हाचा दुकानदार हसत पन्नास रुपये सोडायचा.

प्लेस्टेशन २ च्या काळातही आपल्या बाजारात तीच चाल होती. यंत्र खरं, पण आत ‘चिप’ बसवून दिलेली, आणि गेमच्या डीव्हीडी नकली. शहरात ठिकठिकाणी तासावर खेळायची दुकानं निघाली, शाळा सुटल्यावर बाहेर सायकलींची रांग लागायची. दुकानदाराने कमावलं, आम्ही स्वस्तात खेळलो, आणि ज्यांनी रात्री जागून ते गेम बनवले त्यांच्यापर्यंत गारखेड्यातून एक रुपयाही पोचला नाही. तेव्हा हे चुकीचं वाटलं नव्हतं. आज वाटतं. भारतातल्या गेम बनवणाऱ्यांना त्या वर्षांत घरची बाजारपेठ मिळाली नाही, त्यात आमचाही वाटा आहे.

पुढे खरं यंत्र आणि खरी डिस्क आली आणि चौकातल्या दुकानाला सरळ मार्गाने चार पैसे दिसू लागले. नवी डिस्क विकायची. पोराने महिनाभरात खेळ संपवला की ती परत घ्यायची, दुसऱ्याला विकायची. जीएसटीतही याला सोय आहे: जुना माल विकणाऱ्याने, खरेदीवर कराची वजावट घेतली नसेल, तर खरेदी-विक्रीतल्या फरकावरच कर भरायचा. पोरालाही परवडतं. पाच हजारांच्या गेमचे निम्मे पैसे परत मिळाले तर दुसरा घेता येतो. आमच्या भागातल्या कॉलेजच्या मुलांत एकच डिस्क पाच-सहा खोल्यांतून फिरते.

पण हा रस्ता बंद होत चालला आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. २ फेब्रुवारी २०२१ ला प्लेस्टेशन ५ भारतात आलं तेव्हा दोन डबे होते: डिस्कवालं ४९,९९० ला आणि बिनडिस्कचं ३९,९९० ला. २०२२ मध्ये दोन्ही पाच हजारांनी वाढले, तेव्हाही फरक दहाचाच राहिला. गिऱ्हाइकाला हा फरक वाचल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात डिस्कची सोय नसलेल्या यंत्रावर गेम फक्त कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून घेता येतो, आणि तिथे विक्रीतला साधारण ३० टक्के हिस्सा कंपनीचा. उसना देता येत नाही, विकता येत नाही, दुसरीकडे भाव विचारता येत नाही. चौकातल्या दुकानाचे ८४७ रुपये तर गेलेच, जुन्या डिस्कवरचेही गेले. सोनीच्या यंत्रांवर जगभर विकल्या जाणाऱ्या दहापैकी सातहून अधिक गेम आज असे डिस्कशिवाय जातात. हे पैसे आज वाचतात, पण पुढच्या पाच-सहा वर्षांत प्रत्येक गेममागे ते थोडे थोडे परत जातात.

दुकानदाराची बाजू मी एवढी मांडली, म्हणून त्याची चूकही सांगायला हवी. २०२१ च्या टंचाईत मी दुसऱ्या एका दुकानात गेलो होतो. डबा समोर ठेवलेला होता, पण नुसता मिळणार नाही म्हणाले. सोबत दोन गेम आणि एक कंट्रोलर घ्या, तरच. असा अनुभव तेव्हा अनेकांना आला. डब्यात काही सुटत नाही म्हणून हे करतात, हे आता मला कळतं. तरीही ते गैर आहे. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशी अट घालणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निर्बंधात्मक व्यापार पद्धतीच्या व्याख्येत बसतं. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं तर वजनमापाच्या नियमांत सरळच गुन्हा आहे.

या सगळ्यातून बाहेर पडायचा एक मार्ग ब्राझीलने दाखवला. तिथे २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ ची किंमत ३,९९९ रिआल लागली, म्हणजे १,८०० डॉलरहून जास्त, आणि त्यातला सुमारे ६३ टक्के भाग कराचा असल्याचं सोनीने सांगितलं. पण त्याआधी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने मनाउस शहरात एक्सबॉक्स ३६० ची जोडणी सुरू केली होती आणि किंमत एकदम सुमारे ४० टक्क्यांनी उतरली होती. आपल्याकडे मोबाइलच्या बाबतीत हे घडलं, कन्सोलच्या बाबतीत नाही. ज्या शहराने टीव्ही बनवले, ज्याच्या शेजारी आज शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक नगरी उभी आहे, तिथल्या माणसाला हे जमणार नाही असं मी मानत नाही. यंत्रं किती खपतील, हाच प्रश्न आहे, आणि एवढ्या किमतीला ती कमीच खपणार. कर उतरेपर्यंत खप वाढत नाही, खप वाढेपर्यंत कारखाना येत नाही. चितेगावचा कारखाना तर राहिला नाही. व्हिडिओकॉन जून २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि त्या बसमधून जाणारी माणसं आज आमच्याच गल्लीत निवृत्तीचा हिशोब करत बसतात.

भाच्याला आम्ही डिस्कवालं यंत्र घेऊन दिलं, त्याच दुकानातून, छापील किमतीला. पैसे यूपीआयने दिले, म्हणजे निदान कार्डाचे ११०० रुपये दुकानदाराचे वाचले. सोबत एक जुनी डिस्क घेतली, ती मात्र घासाघीस करून, कारण तिथे त्याला सुटतं.

तुमच्याही घरी या दिवाळीत हा डबा येणार असेल तर एवढं करा. डब्यावर आयातदाराचं नाव आणि छापील किंमत आहे का ते बघा. पक्कं जीएसटी बिल घ्या, कारण बिनबिलाच्या डब्याची वॉरंटी कुणी देत नाही. घरात दोघं-तिघं खेळणारे असतील तर डिस्कवालंच यंत्र घ्या. डब्यावर दुकानदाराशी भांडू नका. आणि कुणी सोबत दुसरं काही घेण्याची सक्ती केली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.